चौथ्या ओळीचं वळण

नऊ वर्षांनी निवेदिता राणीसावरगावला आली, ती नेमकी भावाला सेवा सोपवायच्या दिवशी. रूबेन झिराडकरशी लग्न केल्यापासून तिला या घरानं ये म्हटलं नव्हतं, आणि येऊ नको असंही कुणी बोललं नव्हतं. पाठकांच्या घरात माणसाला हाकलत नाहीत, नुसतं त्याचं नाव घ्यायचं विसरतात. या वेळी हेमाबाईंनी नवऱ्याला न विचारता लेकीला फोन लावला होता. विवेकची सेवा आहे, ये, एवढंच म्हणाल्या. रूबेननं शहाणपणानं पुण्यातच थांबायचं ठरवलं. झिराडकरांचं घराणं मूळ कोकणातलं, बेने इस्रायली, म्हणजे ज्यू. त्याचं मराठी या घरातल्या कुणाहीपेक्षा स्वच्छ होतं, पण त्याचा इथं काही उपयोग नव्हता.

सेवा म्हणजे गावातल्या बालाजीची धुपारती. पाच पिढ्या ती पाठकांकडे. दिवेलागणीला गाभाऱ्याची दारं आतून लावायची, धूप भरू द्यायचा, आणि तो भरेस्तोवर सेवेकऱ्यानं हळू आवाजात चार ओळी म्हणायच्या. मग दारं उघडली की धुरातून हळूहळू देव दिसायला लागतो आणि बाहेरची माणसं हात जोडतात. त्या चार ओळी गावातल्या शेंबड्या पोरालाही पाठ. उत्सवात मांडवात सगळे मिळून टाळांवर त्याच म्हणतात, सरळ चालीत.

पण दारं लागली की चौथी ओळ बदलायची. हे सेवेकऱ्याशिवाय कुणाला माहीत नसायचं, त्याच्या बायकोला नाही की पोरांना नाही. ज्या दिवशी बाप सेवेतून उठायचा त्या दिवशी तो मुलाला गाभाऱ्यात न्यायचा आणि कानात ती ओळ द्यायचा. तोवर मुलाला कळूही द्यायचं नाही की अजून काही द्यायचं शिल्लक आहे. दस्तूरच तसा.

काशीनाथबुवांना, म्हणजे निवेदिताच्या आबांना, ती त्यांच्या वडिलांनी दिली तेव्हा बुवा सव्वीस वर्षांचे होते. विवेक आज बेचाळीसचा आहे, आणि त्याला ती मिळालेली नाही.

मागच्या श्रावणात नांदेडच्या डॉक्टरांनी स्वरयंत्र काढावं लागेल म्हणून सांगितलं, तेव्हा मध्ये आठ दिवस होते. आठ दिवस. बुवा रोज ठरवायचे आज देऊ, आणि रोज संध्याकाळी स्वतःच आत जाऊन दारं लावून घ्यायचे. देणं म्हणजे उठणं, आणि त्यांना उठायचं नव्हतं. आवाज परत येईल अशीही एक वेडी आशा होती. आला नाही. आता गळ्यावर एक भोक, त्यावर पांढरं फडकं, आणि हातात वही. गेले तेरा महिने विवेक दारं लावून मांडवातली साधी ओळ म्हणायलाय आणि बुवा बाहेर बसून ती ऐकायलेत. वहीवर चाल लिहिता येत नाही. पेटीवर वाजवून दाखवावी तर त्या वळणाचा स्वर पेटीत नाहीच. तो दोन पट्ट्यांच्या मधल्या फटीत राहतो. आणि खरं सांगायचं तर पोराला तोंड कसं दाखवायचं हेच त्यांना कळत नव्हतं. म्हणून आज सगळ्या गावासमोर ते मुलाला अपुरी सेवा देणार होते आणि गप्प बसणार होते.

अकराच्या सुमाराला दिनकरराव आले. देवस्थानचे अध्यक्ष, साठ एकरांचे मालक, आवाज नेहमी शेताच्या दुसऱ्या बांधाला ऐकू जाईल असा. आज मात्र हळू बोलत होते, म्हणून हेमाबाई हातातलं काम टाकून दारात येऊन उभ्या राहिल्या. ओसरीवर बसले, पाणी प्यायले, निवेदिताकडं एकदा बघितलं आणि खिशातून फोन काढला. पुण्याला शिकणाऱ्या पुतण्यानं पाठवलंय म्हणाले. तुमी ऐका म्हणाले, मग बोलू.

फोनवर एक छोटा हॉल होता. लाकडी बाकांवर बाया-पुरुष एकत्र बसलेले, पुरुषांच्या डोक्यावर छोट्या गोल टोप्या, समोर टेबलावर न लावलेल्या दोन मेणबत्त्या. बाजूला पियानोवर निवेदिता. एक टकला माणूस सॅक्सोफोन घेऊन उभा, आणि एक बाई तारांच्या कुंच्यानं ड्रम नुसता घासत होती. मग निवेदिता गायला लागली, कुणालाच न कळणाऱ्या भाषेत, आणि दुसऱ्या सुरालाच ओसरीवरची सगळी माणसं ताठ झाली. चाल धुपारतीची होती.

धुपारतीची, पण तिचा ठेका भलताच. सम आली आली म्हणेस्तोवर ती पुढं सरकायची, जिथं टाळ पडायचा तिथं शांतता, आणि जिथं काहीच नसायचं तिथं ड्रम कुजबुजायचा. उत्तरा, विवेकची बायको, पदर तोंडाला लावून उभी राहिली. आपल्या देवाला कुणीतरी परक्याचे कपडे घालून बाजारात फिरवतंय असं तिला वाटलं. तीन ओळी झाल्या. चौथी निवेदितानं गायली आणि मग तीच ओळ सॅक्सोफोननं उचलली.

काशीनाथबुवांच्या हातातली वही खाली पडली.

ते वळण होतं. तसंच्या तसं. कोमल गंधारावरून निघून शुद्धाला न पोचता मध्येच थरथरत थांबणारं, मग एकदम खाली बसणारं. बुवांच्या वडिलांच्या तोंडून आलेलं, बुवांच्या गळ्यात चाळीस वर्षं राहिलेलं, आणि नांदेडला टेबलावर कापून टाकलेलं. ते पुण्याच्या हॉलमध्ये एका पितळी वाद्यातून येत होतं. गळ्याच्या भोकातून श्वास शिटीसारखा वाजायला लागला आणि हेमाबाई धावत पाणी घेऊन आल्या. त्यांना वाटलं लेकीच्या प्रतापानं नवऱ्याचा जीव चालला.

दिनकररावांनी फोन बंद केला. त्यांना कशाचा राग आला होता हे त्यांनी आधी नीट सांगितलं, आणि ते महत्त्वाचं होतं. देव कुणाचा, भाषा कुणाची, याचं त्यांना काही नव्हतं. त्यांच्या वाड्यात मोहरमचे डोले थांबत आलेत, निजामाच्या काळापासून. पण दारांआड जे म्हटलं जातं ते बाहेर द्यायचं नाही अशी शपथ सेवेकऱ्यानं घेतलेली असते, आणि फोनवरची चौथी ओळ मांडवातली नव्हती, म्हणून ती आतली असावी अशी त्यांना शंका होती. दिली असेल तर सेवा त्या घराकडून जाते. चुडाव्याचा परमेश्वर पाठक, बुवांचा चुलतभाऊ, वीस वर्षं त्यासाठी टपलाय हे सगळ्यांना ठाऊक होतं.

“बुवा, एकच सांगा. ही आपल्या गाभाऱ्यातली चाल हाय का न्हाई? हाय तर हाय म्हणा, न्हाई तर न्हाई. संध्याकाळी चार माणसांत मला जबाब द्यावा लागतोय.”

निवेदितानं मध्ये काही सांगायचा प्रयत्न केला. ती पुण्यात शाळेत संगीत शिकवते आणि सासरच्या त्या छोट्या मंडळीसाठी जुनी हिब्रू स्तोत्रं जॅझमध्ये बसवते. शब्बाथ, म्हणजे शुक्रवारी सूर्यास्ताला सुरू होणारा त्यांचा विश्रांतीचा वार, लागायच्या आत, मेणबत्त्या लावायच्या आधी, प्रार्थनेतच ती म्हणतात. या एका स्तोत्राशी ती दोन वर्षं झगडत होती. माणूस देवाला हाका मारतो, तीन ओळी नीट मारतो आणि चौथ्या ओळीत त्याचा आवाज फुटतो. कुठलीच चाल तिथं टिकेना. सगळ्या फार सुबक व्हायच्या. मग एक दिवस भांडी घासता घासता ही ओळ तोंडात आली आणि शब्द त्यावर आपोआप बसले. तिच्या सासूबाईंनी आधी नाक मुरडलं होतं, प्रार्थनेत भोंगा कशाला म्हणून. पण पहिल्या शुक्रवारी त्याच रडल्या. हे सगळं ती घाईघाईत बोलून गेली. कुणी ऐकून घेतलं असं काही दिसलं नाही.

हेमाबाई आणि उत्तरा स्वयंपाकघरात गेल्या. एरवी या दोघींचं मिठावरून सुद्धा जमत नाही, पण त्या पाच मिनिटांत त्यांचं एकमत झालं. आबांनी नाही म्हणायचं. बस्स. नाही म्हटलं की पोरगीवर आळ नाही, पोराची सेवा शाबूत, चुडावेकरांचं तोंड बंद. उत्तरानं तर असंही म्हटलं की वन्संनी उद्या सकाळच्या गाडीनं गेलेलंच बरं. हेमाबाईंनी ते ऐकलं आणि ताटं मांडायला घेतली. लेकीला फोन करून बोलावलं तो क्षण त्यांना आता नकोसा झाला होता, आणि तसं वाटतंय याचीच त्यांना लाज वाटत होती.

बाहेर विवेक अजून फोनकडंच बघत होता. तो गंगाखेडच्या कॉलेजात कारकून, साधा माणूस, खोटं बोलायचं म्हटलं तर त्याचे कान लाल होतात. त्यानं दिनकररावांना ते पुन्हा लावायला सांगितलं. मान खाली घालून शेवटपर्यंत ऐकलं. ऐकता ऐकता त्याचा चेहरा सैल होत गेला.

“काका, ही आपली नाही,” तो म्हणाला. “पहिल्या तीन ओळी मिळतात, त्या तर मांडवात सगळेच म्हणतात. पण चौथी बघा, ही निराळीच आहे. गाभाऱ्यात मी रोज म्हणतो ना. आपली चौथी अशी नाहीच. निवीनं स्वतः काहीतरी केलंय ते.”

त्याचे कान लाल झाले नव्हते. दिनकररावांनी ते बघितलं आणि खांद्यावरचं ओझं उतरल्यासारखा श्वास सोडला. चांगलं झालं म्हणाले, माझी तसल्ली झाली. सेवेकरी स्वतः सांगायलाय म्हटल्यावर मी कोण इचारणारा. स्वयंपाकघराच्या दारात हेमाबाईंनी डोळे मिटून हात जोडले.

निवेदिता मात्र भावाकडं बघत राहिली. आधी तिला वाटलं दादा तिला वाचवायला बोलतोय. मग तिनं त्याचे कान बघितले, आणि तिच्या लक्षात आलं की तो खरं बोलतोय. त्याला माहीतच नाही. तेरा महिने गाभाऱ्यात एकटा उभा राहून तो मांडवातली ओळ म्हणतोय. तिनं मान वळवून वडिलांकडं बघितलं, आणि बुवांनी तिची नजर चुकवली नाही. तिला कळलंय हे त्यांना कळलं.

आता नुसतं गप्प बसायचं होतं. मान हलवायचीही गरज नव्हती. पोरानं निष्पापपणी दार उघडून दिलं होतं आणि सगळं घर त्यातून सुखरूप बाहेर पडत होतं. लेक वाचली, पोराची सेवा वाचली, आणि त्या आठ दिवसांची गोष्ट बुवांबरोबर जळून गेली असती. फक्त ओळ गेली असती. उद्यापासून साधी ओळ हीच खरी, आणि खरी ओळ ही पुण्याच्या मास्तरणीनं स्वतः काहीतरी केलेली.

बुवांनी खाली वाकून वही उचलली. बराच वेळ लिहिलं. दिनकररावांना चष्मा लागतो आणि तो त्यांनी आणला नव्हता, म्हणून वही विवेकच्या हातात गेली आणि त्यालाच ती मोठ्यानं वाचावी लागली.

“आपलीच आहे. गाभाऱ्यातली चौथी ओळ हीच. विवेकला मी दिलेली नाही. द्यायला आठ दिवस होते, दिली नाही. निवेदितेला कुणी दिली मला माहीत नाही. मी दिलेली नाही.”

वाचताना विवेकचा आवाज मध्येच बसला. शेवटचं वाक्य त्यानं दोनदा वाचलं, पहिल्यांदा त्याला ते समजलंच नाही म्हणून.

उत्तरा पुढं येऊन विवेकच्या खांद्यावरून वहीत बघायला लागली. हेमाबाई उंबऱ्यावरच बसल्या. पंचेचाळीस वर्षांच्या संसारात नवऱ्यानं एवढी मोठी गोष्ट पोटात ठेवली आणि आपल्याला वासही लागला नाही, याचंच त्यांना आधी नवल वाटलं, राग नंतर आला.

“मग पोरीला आली कुठून?” दिनकरराव म्हणाले. त्यांचा आवाज आज पहिल्यांदा शेताच्या बांधापर्यंत गेला. “दारं लावलेली असतात. आत चिटपाखरू नसतंय.”

“मी असायची ना, काका,” निवेदिता म्हणाली.

सगळ्यांनी तिच्याकडं बघितलं.

“निरांजन कोण धरायचं? लाइट यायची-जायची, धुरात आबांना दिसायचं नाही. सात वर्षांची असल्यापासून तेरा वर्षांची होईस्तोवर मीच आत होते. माझ्या आधी आत्या होती. तिच्या आधी कोण होतं, आबांना माहीत. आबा रोज माझ्यासमोर म्हणायचे. मला वाटायचं सगळ्यांनाच माहीत असेल.”

पाच पिढ्या गावच्या कानांना दारं लावली होती. बायको, भाऊ, वारस मुलगा, सगळे बाहेर. आणि दर पिढीला एक पोरगी हातात दिवा देऊन आत उभी केली होती. तिलाही कान असतात हे कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. बुवांच्या तर नाहीच. आपण तिला सहा वर्षं नुसती समई समजत होतो हे आत्ता त्यांच्या ध्यानात आलं.

शपथ मोडली का? दिनकररावांनी बोटांवर मोजलं. कुणी दिली नाही, म्हणजे शपथ मोडली नाही. पोरीनं घेतली, पण घेऊ नये अशी शपथ तिला कुणी घातलीच नव्हती. शेवटी त्यांनी मांडीवर थाप मारली आणि निकाल दिला. सेवा इथंच राहील. संध्याकाळपर्यंत वेळ हाय. बहिणीनं भावाला ओळ द्यावी, भावानं ती देवापुढं म्हणावी, आणि झालं ते या ओसरीवरच राहावं. पुण्यात काय म्हणायलेत ते त्यांच्या देवापाशी. एवढं बोलून ते उठले आणि जेवायला न थांबताच गेले.

विवेक वही घेऊन वडिलांसमोर उभा होता. बुवांनी ती मागितली. त्यानं दिली. बुवांनी लिहिलं, तुला देणारच होतो.

“बेचाळीस वर्षांचा झालो मी, आबा,” विवेक म्हणाला. “कधी देणार होतात?”

बुवांचं पेन कागदावर टेकलेलं राहिलं. शाईचा एक ठिपका मोठा होत गेला. विवेक परसात निघून गेला.

चारच्या सुमाराला निवेदिता त्याच्यामागं गेली. तो विहिरीच्या कट्ट्यावर बसला होता. तिनं जवळ बसून ओळ म्हणून दाखवली, आधी हिब्रू शब्दांवर, कारण तिच्या तोंडात ती आता तशीच बसली होती, मग धुपारतीच्या शब्दांवर. आत्ता तिचा आवाज थरथरत होता आणि वळण त्यामुळं आणखी खरं वाटत होतं. तिनं सांगितलं, शुद्ध गंधाराला पोचू नको दादा, पोचायच्या आत सोड. विवेकनं एकदाच ऐकलं आणि एकदाच म्हटलं. बिनचूक आलं. तिला हसू फुटलं आणि रडूही, दोन्ही एकदम. नऊ वर्षांत पहिल्यांदा तिनं भावाच्या खांद्यावर डोकं टेकवलं. त्यानं ते टेकवू दिलं. घरात येऊन तिनं आईला सांगितलं की दादाला आली. हेमाबाईंनी बुवांना सांगितलं. बुवा उठून न्हाणीघरात गेले आणि बराच वेळ बाहेर आले नाहीत.

दिवेलागणीला देवळात पन्नासेक माणसं जमली. दिनकररावांनी विवेकच्या खांद्यावर उपरणं घातलं. बुवांनी सेवा सोडल्याची खूण म्हणून गाभाऱ्याची किल्ली त्याच्या हातात दिली. त्यानं पायांना हात लावला, रीतीप्रमाणं, आणि आत जाऊन दारं लावून घेतली. बुवा दाराला लागून भिंतीशी बसले. शेजारी निवेदिता. तिला आज कुणी उठ म्हटलं नाही.

धुपाचा वास फटीतून बाहेर यायला लागला. विवेकचा आवाज सुरू झाला, खालचा, स्वच्छ, दाराला लागून बसलेल्यालाच ऐकू येईल एवढा. पहिली ओळ. दुसरी. तिसरीच्या शेवटाला त्यानं श्वास घेतला तो दारातून ऐकू आला. बुवांनी डोळे मिटले आणि गळ्यावरचं फडकं घट्ट धरलं, श्वासाचा आवाज मध्ये येऊ नये म्हणून. निवेदितानं त्यांचा दुसरा हात धरला.

चौथी ओळ आली. मांडवातली, सरळ, टाळावर म्हणतात ती. वळण जिथं यायचं तिथं तो क्षणभरही थांबला नाही. ओळ त्यानं शेवटपर्यंत नीट म्हटली, रोज म्हणायचा तशीच.

निवेदिताला वाटलं तो विसरला. बुवांना माहीत होतं की तो विसरलेला नाही.

दारं उघडली. धूर बाहेर आला, माणसांनी हात जोडले, कुणीतरी घंटा वाजवली. विवेक धुरातून बाहेर आला आणि वडिलांसमोर खाली बसला. डोळे धुरानं लाल झाले होते.

“तुम्ही दिली तेवढीच म्हटली, आबा,” तो म्हणाला. “उद्यापण तेवढीच म्हणीन.”